मोजलेले आणि सांगितलेले

सरकारच्या पैशाने होणारे हवामानाचे संशोधन आणि त्यात होणारा राजकीय हस्तक्षेप, हा विषय सेलूसारख्या तालुक्याच्या गावी बसून अभ्यासावा असे सुचवले, की बऱ्याच वाचकांना तो परका वाटतो. ही भांडणे वॉशिंग्टनची, फार तर दिल्लीची. आपला त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हे प्रस्तावनेचे पहिले काम.

मनमाड–काचीगुडा लोहमार्गावरचे हे गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगते. ब्रह्मवाकडीला दुधनेवर निम्न दुधना प्रकल्पाची भिंत उभी आहे आणि धरणात किती टक्के साठा झाला, हे पावसाळाभर चौकाचौकांत विचारले जाते. वालूर किंवा देऊळगाव गात मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. 64 मिलिमीटरची नोंद झाली, तर शेत तेवढेच बुडूनही कागदावर अतिवृष्टी नसते. खरिपाची अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या खाली लागते की वर, याकडे सारा तालुका डोळे लावून बसतो. हवामानाचा आकडा घरच्या हिशेबात कसा उतरतो, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. असा प्रत्येक आकडा कुणीतरी मोजतो, कुणीतरी तपासतो आणि कुणीतरी जाहीर करतो. मोजणारा आणि जाहीर करणारा ही माणसे वेगळी असतात. त्यांच्यामधल्या अंतरात काय घडते, हाच या अभ्यासाचा विषय आहे.

वाचकांनी सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा, कारण पुढची सारी प्रकरणे त्याच्या उजेडात वाचायची आहेत. शास्त्रज्ञाचा निष्कर्ष न स्वीकारण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारला असतो. रोजगार, खर्च, लोकांचा विरोध, न्यायालयांचे निकाल अशा अनेक गोष्टी तोलून सरकारला निर्णय करावा लागतो आणि त्या निर्णयाची किंमत ते निवडणुकीत मोजते. पण अहवाल दडवणे, त्यातली वाक्ये बदलणे, शास्त्रज्ञाला बोलू न देणे किंवा नकोसे मोजमापच बंद पाडणे, हे त्या अधिकारात बसत नाही. सरकारने निष्कर्ष उघडपणे नाकारला, तर शास्त्र काय म्हणाले आणि सरकारने काय केले, हे दोन्ही लोकांना दिसते. तो दडवला, तर सरकारचे म्हणणे तेवढे उरते. हस्तक्षेप हा शब्द या अभ्यासात दडवण्याच्या अर्थाने वापरावा, नाकारण्याच्या नव्हे.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. 1875 साली भारतीय हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि 1886 पासून तो नियमित निघू लागला. त्यांच्यानंतर जॉन एलियट आले. 1899 साली त्यांचा अंदाज पार चुकला, पावसाने दगा दिला आणि 1899-1900 चा भीषण दुष्काळ पडला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. त्यानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, पावसाचा अंदाज गोपनीय ठेवण्यात आला. तो सरकारी अधिकाऱ्यांपुरताच राहिला. ज्याला पेरायचे होते, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नव्हता. इथे कुणाचा आर्थिक फायदा होता असे दिसत नाही. होती ती नाचक्कीची भीती. मला वाटते, या क्षेत्रात लोभापेक्षा ही भीतीच अधिक वेळा कारण ठरते. शास्त्रज्ञ चुकू शकतो, हे मान्य करायला राज्यकर्त्याला जड जाते. मग चूक सुधारण्याऐवजी दार लावून घेतले जाते.

ते दार पुढे उघडले, आणि त्याचे श्रेय एका वेगळ्या स्वभावाच्या माणसाला आहे. 1904 साली आलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. चुकलेल्या अंदाजाची लाज झाकण्याऐवजी त्यांनी जगभरच्या वायुभाराच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यातूनच पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या वायुभाराचा तो हेलकावा त्यांच्या हाती लागला, ज्याच्याशी आज आपण एल निनोची सांगड घालतो. दुष्काळाची चाहूल देणाऱ्या ज्या खुणा आज वर्तमानपत्रात छापून येतात, त्यांच्या मुळाशी भारतातल्या एका सरकारी कचेरीतले हे काम आहे.

1928 साली हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय 1944 साली दिल्लीला गेले, पण हवामानशास्त्राचे एक मोठे घर पुण्यातच राहिले. 1962 साली तिथे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था उभी राहिली आणि 2009 साली त्या संस्थेत हवामानबदलाच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. मराठी वाचकाने या परंपरेचा अभिमान बाळगावा. 2020 साली याच संस्थेने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी भारतीय प्रदेशातल्या हवामानबदलाचा पहिला समग्र आढावा प्रसिद्ध केला. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सियसने वाढले. 1951 ते 2015 या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना 1950 ते 2015 या काळात सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या, असे त्यात नोंदले आहे. एकूण पाऊस घटतो आणि पडतो तेव्हा कोसळतो, हे मराठवाड्याचा शेतकरी आपल्या अनुभवाने सांगत होताच. इथे ते सरकारी खर्चाने, सरकारी मंत्रालयाच्या नावाने, कुणालाही वाचता येईल अशा स्वरूपात छापले गेले. हस्तक्षेपाचा अभ्यास करणाऱ्याने असे न अडलेले अहवालही आवर्जून पाहावेत. काम नीट झाले की ते कसे दिसते, हे ठाऊक असल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही.

आता महाराष्ट्राच्या अगदी जवळच्या प्रकरणाकडे वळू. ते हवामानापेक्षा पर्यावरणाचे अधिक आहे, पण हा विषय शिकण्यासाठी त्याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. मार्च 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांचा गट नेमला. अध्यक्ष होते माधव गाडगीळ. 1942 साली पुण्यात जन्मलेले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे चिरंजीव, हार्वर्डमध्ये शिकून परतलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभारणारे शास्त्रज्ञ. गटाने तापीपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे 1,29,000 चौरस किलोमीटरचा प्रदेश अभ्यासला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या खाणी, वीजप्रकल्प आणि कारखान्यांचा विचार त्याच्याकडे खास सोपवला होता. 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल मंत्रालयाला सादर झाला.

आणि तिथेच थांबला. मंत्रालयाने तो जाहीर केला नाही. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागितली. मंत्रालयाने नकार दिला. त्यासाठी राष्ट्राच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताचे कारण पुढे केले आणि धोरण अजून ठरायचे आहे असेही सांगितले. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. एप्रिल 2012 मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात न्यायालयानेही मंत्रालयाचे म्हणणे फेटाळले, तेव्हा कुठे अहवाल संकेतस्थळावर आला, तोही मंत्रालयाने तो स्वीकारलेला नाही अशा टिपणीसह. ऑगस्ट 2012 मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला आणि एप्रिल 2013 मध्ये त्याने घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील ठरवावा अशी शिफारस केली.

वाचकांनी या प्रकरणात एका गोष्टीवर लक्ष ठेवावे: ते बंद राहिलेले जवळपास नऊ महिने. दुसरा गट नेमणे, पहिल्याच्या शिफारशी सौम्य करणे, हे सारे सरकारच्या अधिकारातले होते. ते पटो वा न पटो, उघडपणे झाले. अहवाल कुलुपात राहिला त्या काळात मात्र त्याच्याविषयीच्या अफवा गावोगाव आधी पोहोचल्या. शेती बंद होणार, घराची डागडुजी करता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात अहवालाने घाटाचे तीन स्तर कल्पिले होते आणि कुठे काय करावे याचा अंतिम विचार ग्रामसभांनी करावा असे सुचवले होते. ज्यांना हा निर्णय देऊ केला होता, त्यांच्याच हाती अहवाल नव्हता. पुढे प्रत आली तेव्हा मते घट्ट झाली होती. शास्त्रीय अहवाल उशिरा देणे हा निरुपद्रवी प्रकार नव्हे, हे इथे स्वच्छ दिसते. अहवालातले लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीविषयीचे आणि कोकणातल्या आंदोलनांवरच्या जमावबंदीविषयीचे भाग आवर्जून वाचावेत. मोजमापाचा प्रश्न आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न किती जवळ राहतात, ते तिथे कळते. गाडगीळांचे 'सह्याचला आणि मी' हे आत्मकथन सोबतीला ठेवले तर तो अहवाल अधिक जवळचा होईल.

एक सावधगिरी. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे दगावली. पुढे तळिये झाले, इर्शाळवाडी झाली. 30 जुलै 2024 रोजी वायनाडच्या दरडी कोसळल्या आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पश्चिम घाटाविषयीची सहावी मसुदा अधिसूचना काढली. पहिल्या मसुद्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. ही वस्तुस्थिती मनाला चटका लावते. तरीही अहवाल वेळेत उघडला असता तर माळीण वाचले असते, असे म्हणायला आधार नाही आणि अभ्यासकाने तसे म्हणू नये. प्रत्येक दरडीची कारणे वेगळी तपासावी लागतात. वेळेवर वाचण्याचा आणि त्यावर बोलण्याचा लोकांचा हक्क हिरावला गेला, एवढे मात्र निश्चित सांगता येते; आणि तेवढे पुरेसे गंभीर आहे.

सह्याद्रीचे हे सारे मराठवाड्याला कशाला, असे तुमच्या मनात आले असेल. गोदावरी त्र्यंबकेश्वरला सह्याद्रीतच उगम पावते, जायकवाडीचा डावा कालवा तिचे पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत आणतो, आणि आपण ज्या पर्जन्यछायेत राहतो ती छाया त्याच डोंगररांगेची आहे. घाटमाथ्याचे काय होते, याचा हिशेब दुधना-गोदेच्या खोऱ्यातही लागतो.

हस्तक्षेपाचा दुसरा नमुना बोलण्यावरच्या बंदीचा. जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडातले जोशीमठ खचू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले, की 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या बारा दिवसांत तिथली जमीन 5.4 सेंटिमीटर खाली गेली. लगोलग राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शासकीय संस्थांना पत्र पाठवून माध्यमांशी बोलण्यास आणि आकडेवारी प्रसृत करण्यास मनाई केली. सुदूर संवेदन केंद्राचे ते निष्कर्षही संकेतस्थळावरून दिसेनासे झाले. कारण दिले गेले ते लोकांमधल्या गोंधळाचे. गोंधळाची काळजी खोटी नसते. परस्परविरोधी आकडे संकटात खरोखर घबराट माजवू शकतात. पण ज्यांच्या घरांना तडे गेले होते, त्यांच्याकडून जमिनीचे माप लपवून घबराट कमी झाली असेल, असे मला वाटत नाही. जोशीमठविषयीचा इशारा 1976 च्या मिश्रा समितीने दिलेला होताच. वायनाडच्या वेळी केरळ सरकारनेही शास्त्रज्ञांनी मते जाहीर करू नयेत असा आदेश काढला. टीका होताच मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. दिल्लीत एका पक्षाचे सरकार, तिरुवनंतपुरमला दुसऱ्याचे, आणि गाडगीळ अहवाल दडला तेव्हा केंद्रात तिसऱ्याचे. या अभ्यासात पक्षाची पाटी पाहून निष्कर्ष काढण्याची सवय पहिल्याच दिवशी सोडावी लागते.

जगातली उदाहरणे या तुलनेत अधिक नोंदलेली आहेत, कारण तिथे मसुदे सांभाळले गेले. अमेरिकेतल्या नासाचे जेम्स हॅन्सन यांनी 1988 साली संसदीय समितीपुढे तापमानवाढीची साक्ष दिली. पुढच्याच वर्षी त्यांच्या लेखी साक्षीत व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने बदल केले, आणि हॅन्सन यांनी ते समितीपुढेच उघड सांगितले. 2005 साली उघडकीला आलेले फिलिप कूनी यांचे प्रकरण तर नवशिक्याने पहिल्या आठवड्यातच वाचावे. तेलकंपन्यांच्या संघटनेत काम केलेले हे वकील व्हाइट हाउसच्या पर्यावरण परिषदेत बसून शास्त्रज्ञांच्या अहवालांत हाताने दुरुस्त्या करत. कोणताही आकडा त्यांनी खोटा लिहिला, असा आक्षेप नव्हता. ठाम वाक्यात ते 'कदाचित' घालत, अनिश्चितता वाढवत, एखादा परिच्छेद काढून टाकत. शास्त्रज्ञांचा मसुदा आणि छापील प्रत शेजारी ठेवल्यावरच ते दिसले. कॅनडात सरकारी शास्त्रज्ञांना वार्ताहरांशी बोलण्यापूर्वी वरची परवानगी घ्यावी लागे. 2012 साली ते पांढरे अंगरखे घालून ओटावाच्या रस्त्यावर उतरले आणि 2015 च्या सत्तांतरानंतर ती बंधने सैल झाली. अमेरिकेत 2025 च्या एप्रिलमध्ये हवामानबदलाच्या सहाव्या राष्ट्रीय आढाव्याचे काम करणाऱ्या सर्व लेखकांना कामातून मुक्त करण्यात आले. तिथे मसुदा बदलण्याची वेळच आली नाही. लिहिणारेच उरले नाहीत.

मात्र प्रत्येक मतभेदाला हस्तक्षेप म्हणण्याची घाई करू नये. 2009 साली तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तवली होती. रैनांचा निबंध हिमनद्यांविषयीच्या अशा टोकाच्या विधानांना छेद देणारा होता. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी तो अत्यंत कठोर शब्दांत धुडकावला. त्या प्रसंगी अनेकांना मंत्रीच विज्ञानात ढवळाढवळ करत आहेत असे वाटले. जानेवारी 2010 मध्ये मंडळाने 2035 चे विधान निराधार असल्याचे मान्य करून मागे घेतले. हिमनद्या वितळत आहेत हे खरेच राहिले, पण तो आकडा टिकला नाही.

तसेच आपल्या भागाचे. जुलै 2017 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत करून चांगल्या पावसाचा अंदाज दिला, असा आरोप होता. 2018 साली परभणीतही तशीच तक्रार झाली. दुबार पेरणीचे संकट ज्याच्यावर कोसळले, त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण साऱ्या देशासाठी काढलेला हंगामी सरासरीचा अंदाज एका तालुक्याच्या जूनमधल्या खंडाविषयी काही सांगत नाही. चुकलेला अंदाज आणि फिरवलेला अंदाज यांत फरक करायला पुरावा लागतो, आणि तसा पुरावा त्या तक्रारींतून पुढे आला नाही. अंदाजाची मर्यादा लोकांच्या भाषेत सांगण्यात विभाग कमी पडला, ही तक्रार मात्र मी योग्य मानतो.

ती पोकळी कशी भरली गेली, हे पाहायला सेलूकरांना लांब जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे अंदाज आज राज्यभर मोबाइलवर ऐकले जातात. 2024 साली त्यांनी परभणीतून लोकसभेची निवडणूकही लढवली. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर प्रश्न उपस्थित केले आहेत. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण अभ्यासकाने इतक्या लोकांच्या विश्वासाकडेही आदराने पाहावे. तारीख, भाग आणि काय करावे हे शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, वेळेवर ऐकायचे असते. सरकारी संशोधन जितके संकोचाने आणि उशिरा बोलते, तितका लोकांचा कान दुसरीकडे वळतो. हस्तक्षेपाचे हे लांबचे फळ फारसे अभ्यासले गेलेले नाही. सेलू तालुका त्यासाठी उत्तम क्षेत्र आहे आणि इथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ते हाती घ्यावे, असे मनापासून वाटते.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत शांतपणे येतो, म्हणून तो सहज निसटतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्याच धर्तीवर देशभरच्या कृषी विज्ञान केंद्रांत 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारली होती. 2024 च्या मार्चअखेर ती बंद करण्यात आली. त्यामागे नीती आयोगाच्या शिफारशीचा हवाला होता. कुणाला बोलण्यास मनाई झाली नाही, कुठला अहवाल दडला नाही. आकडेवारी यंत्राने मिळते म्हणून माणूस अनावश्यक ठरला. पण सल्ला यंत्र देत नाही. कोळपणी थांबवा की फवारणी पुढे ढकला, हे सांगणारा जाणकार लागतो. या निर्णयाला हस्तक्षेप म्हणावे की केवळ काटकसर, यावर वाचकांनी स्वतः मत बनवावे. मी त्याला प्राधान्यक्रमाची गंभीर चूक मानतो. दडपशाही म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

राजकीय निर्णय उघडपणे झाला तर तो कसा दिसतो, याचे उदाहरण 2023 च्या दुष्काळात आहे. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेतले निकष, म्हणजे पाऊस, पिकांची उपग्रहचित्रे, जमिनीतील ओल, पाणीसाठा, लावून राज्यातले 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले. असंतोष वाढला, तेव्हा राज्य सरकारने सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या हजारावर महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. दुसरी यादी राजकीय दबावाखाली निघाली, यात शंका नाही. पण तिचे निकष छापील होते आणि पहिल्या यादीचे मोजमाप कुणी बदलले नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, तर मोजमाप कुठे संपते आणि निर्णय कुठे सुरू होतो, ते बोटाने दाखवता येते.

आता प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी. मोठा ग्रंथ उघडण्यापूर्वी वाचकांनी एकच आकडा निवडावा आणि त्याचा माग काढावा. आपल्या मंडळाचा एका पावसाळ्याचा पाऊस घ्या: महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद, तहसीलचा अहवाल, विमा कंपनीने धरलेला आकडा. ते जुळतात का, जुळत नसतील तर कुठल्या टप्प्यावर बदलले, आणि बदलाचे कारण लिहिलेले आहे का, एवढेच पाहा. बहुतेक वेळा कारण साधे निघेल: यंत्र बंद होते, नोंदीची वेळ वेगळी होती. पण माग काढण्याची ही रीत एकदा हाताला बसली, की गाडगीळ अहवालाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अहवालांनाही तीच लावता येते. त्या अहवालांचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांच्या प्रतिनिधींकडून ओळीओळीने मंजूर होतो. 2014 साली बर्लिनमधल्या बैठकीत देशांच्या गटवार उत्सर्जनाच्या काही आकृत्या अशाच वगळल्या गेल्या. मूळ अहवालात त्या राहिल्या. म्हणून सारांश वाचलात, तर मूळ प्रकरणही उघडून बघा.

कागद मिळत नसेल तेव्हा माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशाच्या 2005 च्या कायद्याआधीच केला होता, ही या राज्याची अभिमानाची बाब. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. मत किंवा खुलासा मागू नका, कागद मागा: अमुक महिन्याच्या पर्जन्यनोंदीची प्रत, अमुक अहवालाचा मसुदा, तो कुणाकडे कधी पाठवला याच्या जावक नोंदी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच कार्यालयात पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. तारखांचा क्रम लिहीत चला. गाडगीळ अहवालाच्या बाबतीत शेवटी तो क्रमच सर्वांत बोलका ठरला.